गोळीचा एक वेढा

माझा राग थायरॉईडचा आहे असं आमच्या कंपनीतल्या बायका म्हणतात. साफ खोटं आहे. माझा राग माहेरचा आहे, लोहगडवाडीचा. थायरॉईड तर मला धाकट्याच्या बाळंतपणानंतर झालं. तळेगावच्या एमआयडीसीत आमच्या पॅकिंगच्या लाईनवर निम्म्या बायकांना ते आहे आणि डबा खाताना आम्ही एकमेकींना रिपोर्टचे आकडे सांगत बसतो. कोणाची पन्नासची गोळी, कोणाची शंभरची. सकाळी उपाशीपोटी गोळी, मग चहासाठी जीव तळमळत बसायचं, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी पार दुपारच्या जेवणानंतर, आठवड्यातून एकदा डी जीवनसत्त्वाची पुडी दुधातून. वर्षानुवर्षं हे सगळं मी कपाळाला आठ्या घालून करत आले. त्यात नवल वाटण्यासारखं काही आहे हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ते शिकवलं माझ्या भाचीने, आणि तेव्हा तिला धड मानही धरता येत नव्हती.

माझा धाकटा भाऊ सनी गडाच्या पायथ्याला टपरी चालवतो. चहा, कांदाभजी, पिठलं-भाकरी. त्याच्या बायकोला, संगीताला, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेले. संगीताला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं आणि ते माझ्या आईने अंगावर घेतलं. माझ्या आईचं नाव बाया. वाडीत कोणाचंही बाळंतपण असलं की बायाला हाक जाते. बाळाला न्हाऊ घालणं, टाळू भरणं, बाळंतिणीला शेक देणं, हे तिच्यासारखं कोणाला जमत नाही असं सगळे म्हणतात आणि तीही ते खोडून काढत नाही.

मुलगी लोणावळ्याच्या दवाखान्यात झाली. आत्या म्हणून बारशाला मी नाव ठेवलं, सई. पोरगी जन्मली तीच शांत. रडणं नाही, कुरकुर नाही. दूध प्यायलासुद्धा तिला उठवावं लागायचं. बारशाला आलेल्या बायका पाळण्यात वाकून वाकून बघत होत्या. "लय गुनाची पोर हाय," म्हणत होत्या. "आईला तरास न्हाई, काई न्हाई." सनीची छाती फुगली होती. मी तिचे पाय हातात घेतले तर ते गार होते. मी म्हटलं, मोजे घाला हिला, आणि जेवायला बसले.

दवाखान्यातून घरी पाठवताना तिच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब एका जाड कागदावर घेतले होते. बारसं झालं आणि लगेच फोन आला की बाळाला आजच्या आज घेऊन या.

थायरॉईड एवढं कानावर पडल्यावर सनीने मला बोलावून घेतलं. घरात थायरॉईडची जाणकार मीच ना! आम्ही सगळे लोणावळ्याला बालरोगतज्ज्ञ चंद्रिका मॅडमकडे गेलो. मॅडम माझ्याच वयाच्या, बोलायला स्पष्ट. त्यांनी पुन्हा रक्त घेतलं, शेजारून सईच्या गळ्याची सोनोग्राफी करून आणायला लावली आणि तो फोटो टेबलावर ठेवला.

"अहो, थायरॉईड तर मलापण आहे," मी म्हणाले. वातावरण जरा हलकं करावं म्हणून.

मॅडम हसल्या नाहीत. "थायरॉईड सगळ्यांनाच असतं, ताई. गळ्यातली ग्रंथी आहे ती. तुमची जरा कमी काम करते, एवढंच. हिच्या गळ्यात ती झालेलीच नाही."

त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. जिथे फुलपाखरासारखा आकार दिसायला हवा होता तिथे नुसतं करडं होतं. मी नकळत स्वतःच्या गळ्याला हात लावला. इतकी वर्षं मी ज्या ग्रंथीला शिव्या देत होते ती बिचारी तिथे होती तरी. रडतखडत का होईना, काम करत होती.

"त्या ग्रंथीच्या रसावर बाळाचा मेंदू वाढतो," मॅडम म्हणाल्या. "पोटात होती तोवर आईचा थोडाफार मिळाला. आता गोळीतूनच मिळणार, जन्मभर. गोळी नीट पोचली तर ही इतर मुलांसारखीच वाढेल. शाळेत जाईल, भांडेल, उलट उत्तरं देईल. नाही पोचली तर बुद्धी मागे राहील, आणि हे सुरुवातीचे महिने गेले की ते नुकसान भरून येत नाही."

सनीचा चेहरा उतरला. संगीताने बाळ आणखी जवळ घेतलं.

मॅडमनी गोळी हातावर काढून दाखवली. उडदाच्या डाळीएवढी. त्यातही औषध म्हणजे मिठाच्या एका कणापेक्षा कमी, बाकीची सगळी पावडर नुसती त्याला धरून ठेवायला. मी रोज तेच औषध गिळते, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. मिठाच्या कणाहून कमी, आणि त्यावर माणसाची अक्कल अवलंबून. मी त्या गोळीकडे नुसती बघत राहिले.

"रोज सकाळी एक पूर्ण गोळी चुरायची, आईच्या थोड्या दुधात कालवायची आणि चमच्याने द्यायची. डी जीवनसत्त्वाचे थेंब वेगळे, दुपारी. बाकी वरचं काही द्यायचं नाही. काही देत नाही ना?"

"न्हाई, काईच न्हाई देत," संगीता म्हणाली. आईनेही मान हलवली. दोघी अगदी खरं बोलत होत्या, हे मी आजही शपथेवर सांगेन.

शंभर गोळ्यांची बाटली घेऊन ते वाडीला गेले आणि मी बेगडेवाडीला, माझ्या घरी.

पंधरवड्याने पुन्हा रक्त तपासलं. गोळी लागू पडली की टीएसएचचा आकडा खाली येतो. तो जिथल्या तिथे. मॅडमनी खोदून खोदून विचारलं, रोज देता ना? रोज. उलटी करते का? नाही. त्यांनी गोळी दीड केली आणि आठवड्याने परत बोलावलं. तरी आकड्याने डोकं खाली घातलं नाही. त्या एवढ्याशा हातात शीर सापडत नाही, नर्स दोन-दोनदा टोचते, आणि सई रडतसुद्धा नाही, नुसता घशातून घोगरा आवाज काढते. आई तर रक्त घेताना बाहेर रस्त्यावरच जाऊन उभी राहायची.

"एवढं औषध देऊन फरक पडत नाही म्हणजे कदाचित हिच्या आतड्यात ते शोषलंच जात नसेल," मॅडम म्हणाल्या. "आता वेळ घालवून चालणार नाही. पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा. मी चिठ्ठी देते."

सनीने मला फोन केला. माझा भाऊ गडावरून पाय मोडलेल्या माणसाला पाठीवर घेऊन उतरलेला आहे, पण त्या दिवशी तो रडत होता. "ताई," तो म्हणाला, "पोरगी माज्याकडं बगती, पन वळकत न्हाई गं."

मी सुट्टी टाकली. लोकलने मळवलीला उतरले, सनी मोटरसायकल घेऊन आला, आणि रात्री मी माहेरी राहिले. सकाळी सगळ्यांनी मिळून पुण्याला निघायचं होतं.

सकाळी मी उपाशीपोटी माझी गोळी घेतली आणि चहाची वाट बघत ओट्यावर बसले. न्हाणीपाशी आई सईला न्हाऊ घालून, धुरी देऊन, दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी सहाण. आतून संगीताने वाटीत काढून दिलेलं दूध. आईने गुटीची पिशवी सोडली. हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा. एकेक घ्यायचं, दुधाचे थेंब टाकलेल्या सहाणेवर गोल फिरवायचं, पुसून परत पिशवीत ठेवायचं. एक गोल म्हणजे एक वेढा. महिन्याच्या बाळाला एक वेढा, मोठं होईल तसे वाढवायचे. माझ्याही दोन्ही पोरांना तिने असंच केलं होतं.

मला वाटलं, अगं, वरचं काही द्यायचं नाही म्हटलं होतं ना? मग लक्षात आलं की आमच्याकडे गुटीला कोणी वरचं म्हणतच नाही. गुटी ही न्हाऊ-माखूतच धरतात. डॉक्टरांनी काहीही विचारलं तरी तोंडातून गुटी निघायची नाही.

आणि मग आईने कुंकवाची छोटी डबी उघडली. कापसात जपून ठेवलेला एक पांढरा तुकडा तिने नखांच्या चिमटीत धरला आणि सहाणेवर फिरवला. एक वेढा. थांबली. आणखी एक. तुकडा पदराच्या टोकाने हलकेच पुसला आणि परत कापसात ठेवला. सहाणेवरचं सगळं करंगळीने गोळा करून सईच्या जिभेला लावलं आणि सहाण धुऊन टाकली.

"आई," मी म्हणाले, "ते काय व्हतं?"

"कंचं? गोळी की," आई म्हणाली. "थायराडची."

"आन् राह्यलेली?"

"ती उद्याला व्हईल. परवालाबी व्हईल." तिने मला डबी उघडून दाखवली. तोंडावर चक्क कौतुक होतं, स्वतःच्या निगुतीचं.

मी उठले. "आई, आख्खी द्यायची व्हती! डाक्टरीणबाई म्हनल्या न्हवत्या का, पुरी गोळी?"

"अगं, पुरीच चाललीय की. जरा जरा करून." आई शांतपणे म्हणाली. "एवढासा जीव, आख्खी गोळी येकदम कशी पचंल? बाधंल की. आईच्या दुधातून द्या म्हनल्या, दिली. वाढवा म्हनल्या, मी येकाचं दोन वेढं केलं. आजून काय करायचं?"

पुढे मी जे बोलले ते सगळ्या वाडीने ऐकलं. माझ्या भावाच्या पोरीचं डोकं तू सहाणेवर धुऊन टाकलंस, असंही बोलले. संगीता दारात येऊन उभी राहिली. सनी टपरीवरून धावत आला. आधी आईला कळलं नाही, मग कळलं, आणि कळल्यावर तिने सईला मांडीवरून उचललं, संगीताच्या हातात दिलं आणि स्वतःचे हात पदराखाली घेतले. जणू ते हात पोरीला लागूच नयेत.

मी चंद्रिका मॅडमना फोन लावला आणि सहाण, वेढे, कुंकवाची डबी, सगळं भडाभडा सांगितलं. 

"पुण्याला जाऊ नका," त्या म्हणाल्या. "इकडे या. आजींना घेऊन या."

आई यायला तयार नव्हती. सनीने हाताला धरून, पुण्यासाठी सांगून ठेवलेल्या गाडीत बसवली.

मॅडम रागावतील असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर त्यांनी रागवावं असंच मला वाटत होतं. त्यांनी दोन चमचे मागवले, बाटलीतली एक गोळी एका चमच्यात ठेवली, दुसऱ्या चमच्याची पाठ तिच्यावर दाबली. चुरा झाला. संगीताने दुधाचे थेंब घातले. सईने ते चाटून घेतलं. चमचा पुन्हा थोड्या दुधाने विसळून तेही तिला दिलं. बस्स, एवढंच काम.

"औषध चालत नाही असं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "ते पोचतच नव्हतं. आतड्याचा दोष असता तर फार अवघड झालं असतं. दीड गोळी आता विसरा. एकच, पण पूर्ण."

मग त्या आईकडे वळल्या. "आजी, गुटी बाळाच्या वयाप्रमाणे वाढवत नेतात, बरोबर?"

आईने खाली बघतच मान हलवली.

"ही गोळी उलटी आहे. माणूस जितकं लहान तितकी ती वजनाच्या मानाने जास्त लागते. तुमच्या या लेकीला किलोमागे जेवढी लागते ना, त्याच्या कितीतरी पट ह्या एवढ्याशा पोरीला लागते. कारण तुमच्या लेकीचं डोकं केव्हाच बांधून झालंय."

"त्ये तर दिसतंयच," सनी पुटपुटला. एरवी मी त्याला सोडला नसता. पण माझं लक्ष त्या पोरीकडे होतं. तीन-साडेतीन किलोचा गोळा, डोळे अर्धवट मिटलेले, जीभ जराशी ओठांबाहेर, आणि ह्या क्षणी तिच्या आत एवढं मोठं बांधकाम चाललेलं असतं? न दिसता, न वाजता? माझ्या पोटच्या दोन पोरांतही चाललं असणार, आणि मी तेव्हा लंगोट वाळत घालत होते. मला एकदम भरून आलं. काही दुःख नव्हतं, नुसतं भरून आलं.

निघताना सनीने विचारायचं ते विचारलं. "मॅडम, हे मधले आठवडे गेले, त्येचं काय?"

"सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "खोटा धीर मी देणार नाही. भरून निघेल अशी आशा आहे. पण खात्रीने रक्ताचा रिपोर्टसुद्धा सांगू शकत नाही ते. वाढताना बघायचं."

त्यानंतर जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर कोणी सांगूनही मला पटलं नसतं. मी कामाच्या सुट्टीच्या दिवशी वाडीला जायची आणि दर वेळी पाळण्यात वेगळंच बाळ असायचं. आधी हातपाय गरम झाले. कोरडी, खवल्यांसारखी कातडी मऊ झाली. पोट साफ व्हायला लागलं. एवढ्याशा गोष्टीचा आनंद संगीताने मला कंपनीत फोन करून कळवला आणि मी तो लाईनवरच्या सगळ्या बायकांना सांगितला. जीभ आत गेली. डोळे उघडले, आणि नुसते उघडले नाहीत, ते माणसांच्या मागे फिरायला लागले. आणि रडणं! त्या गुणाच्या पोरीने सगळी वाडी डोक्यावर घेतली. आकडा तर असा कोसळला की लॅबवाल्याने तो दोनदा तपासून पाहिला.

मी कंपनीत डबा खाताना हे सांगायची तेव्हा बायका हसायच्या. "सारिका, भाचीची गोळी तूच सुरू केलीस की काय? हल्ली चिडत नाहीस ती." मी त्यांना सांगायची, अगं, रोज सकाळी आपण काय गिळतो ते एकदा हातावर घेऊन बघा तरी. त्या बघायच्या, आणि परत आकड्यांवर यायच्या.

आई मात्र बदलली. सईला न्हाऊ घालणं तिने सोडलं. मांडीवर घेणंही सोडलं. सहाण कुठेतरी आत टाकून दिली. वाडीत दुसऱ्या घरी बाळंतपण होतं, हाक आली, तर म्हणाली, "माजं हात आता चांगलं ऱ्हायलं न्हाईत." गोळी संगीता द्यायची. त्या वेळी आई उठून मागच्या दाराने गोठ्यात जायची आणि सगळं आटोपल्यावर यायची. मी समजूत काढायला गेले तर मला म्हणाली, "तू खरंच बोललीस. त्यात काय खोटं व्हतं?" 

लोहगडवाडीत पावसाळ्यातले शनिवार-रविवार म्हणजे वर्षाची कमाई. पुण्या-मुंबईची पोरं धुक्यात भिजत गडावर जातात आणि खाली येऊन भज्यांवर तुटून पडतात. सनीच्या एकट्याच्या हाताने ते निभत नाही. पहाटेपासून संगीताला टपरीवर उभं राहावं लागतं. पहिल्याच शनिवारी मी मदतीला गेले होते. संगीताने सईला कडेवर घेतलं, गोळीची बाटली, दोन चमचे आणि वाटीत काढलेलं स्वतःचं दूध घेतलं, गोठ्यात गेली आणि सगळं आईच्या पुढ्यात ठेवलं.

"मी न्हाई," आई म्हणाली.

"तुमीच द्यायची," संगीता म्हणाली. "मला आई न्हाई, म्हनून तुमी माजं सगळं केलं. आता माजी पोर सांभाळायला कुनाला आनू?"

"सारीला दे म्हनावं."

"ताई आज-उद्या हायत, परवा कामावर. रोजचं कोन हाय हितं? तुमीच हाय."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीचं झाकण उघडून दिलं. तिने एक गोळी चमच्यात घेतली, दुसरा चमचा वर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबला. चुऱ्याचा एक कण चमच्याच्या कडेला चिकटला होता, तोही तिने दुधाच्या थेंबाने खाली घेतला. सईला दिलं. चमचा विसळला, ते दिलं. पुन्हा विसळला, तेही दिलं. मग रिकामा चमचा उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिली.

तेव्हापासून गोळी आईच्याच हातची. लोहाचे थेंब सुरू झाले तेव्हा ते गोळीपासून लांब, पार संध्याकाळी द्यायचे, हे तिने सनीला इतक्या वेळा बजावलं की तो कंटाळला. रक्त तपासायला जाताना ती आता बाहेर थांबायची नाही, सईचा हात स्वतः धरून बसायची. रिपोर्ट चांगले येत होते. पण सनीच्या मनातला तो एक प्रश्न कोणत्याच रिपोर्टमध्ये नव्हता. सई उशिरा पालथी पडली. उशिरा बसली. टाकव्याला संगीताच्या बहिणीचं पोरगं तिच्याच वयाचं, ते रांगत घरभर फिरायला लागलं तेव्हा सई बसल्या जागेवरून जगाकडे बघत होती. "व्हईल, व्हईल," आम्ही म्हणायचो आणि एकमेकांकडे बघायचं टाळायचो. आई नुसती सईचं तोंड निरखत बसायची.

भातकापणी आटोपली, खळं झालं, आणि एका रविवारी मी सकाळच्या गाडीने माहेरी गेले. उन्हाला आई बसली होती, पुढे गोधडीवर सई. आता ती रांगत होती, दोन दात आले होते. एका बाजूला गोळीचे दोन चमचे, दुसऱ्या बाजूला नाचणीच्या सत्त्वाची वाटी झाकून ठेवलेली, गोळीनंतर अर्ध्या तासाने द्यायची.

"हिचं काईतरी बिनसलंय," आई मला हळूच म्हणाली. "आट दिस झालं, सारखी तोंडातनं गोळी गळती. गिळायचं वळन तर गेलं न्हाई ना गं? डाक्टरीणबाईस्नी दावाया पायजे."

मी सईच्या समोर बसले.

आईने गोळी चुरली, पाण्याचे थेंब घालून चमचा पुढे केला. सईने ओठ घट्ट मिटले. आईने चमचा मागे घेतला, "कसं गं बाई," म्हणत वाटीचं झाकण उगाच वाजवलं. सईने लगेच तोंड उघडलं. चमचा आत गेला. आई हुश्श म्हणून तो विसळायला पाण्याकडे वळली.

सई हलली नाही, तिने गिळलंही नाही. आजीची पाठ पूर्ण वळेपर्यंत ती थांबली. मग खाली वाकली, गोळीचं पांढरं पाणी जिभेने अलगद गोधडीच्या घडीत सोडलं, आणि त्यावर हात ठेवला. आणि मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं का, हे ती बघत होती. मी सांगणार आहे का, हे ती बघत होती.

माझ्या अंगावर काटा आला. आई विसळलेला चमचा घेऊन वळली आणि माझा चेहरा बघून घाबरली. "काय झालं? सारे, काय झालं पोरीला?"

मी सईचा हात उचलून गोधडीवरचा डाग दाखवला.

आईने डाग पाहिला. सईकडे पाहिलं. सई दोन दात दाखवून हसली, अगदी मनापासून, पकडलेल्या चोरासारखी. आईच्या हातातला चमचा खाली पडला.

"फसवती!" आई म्हणाली. आधी हळू. मग ती उठून अंगणाच्या कडेला गेली आणि माझी एरवी हळू बोलणारी आई टपरीकडे तोंड करून जिवाच्या आकांताने ओरडली, "सनी! संगीता! आरं या, या हिकडं! पोरगी मला फसवती रं! मला फसवती!" ती हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. टपरीवरचे ट्रेकवाले माना वर करून बघायला लागले. सनी हातात झारा घेऊन तसाच धावत आला, मागून संगीता. मी त्यांना सगळं सांगितलं, करून दाखवलं, परत सांगितलं. सनी गोधडीवर बसला आणि त्याने पोरीचं डोकं दोन्ही हातांत धरलं. कितीतरी वेळ धरून ठेवलं.

शेवटी आईच भानावर आली. तिने पदराने तोंड पुसलं, बाटलीतून दुसरी गोळी काढली आणि दोन चमच्यांत चुरायला घेतली. सई तिच्या हाताकडे बघत तोंड मिटून तयार बसली होती.